नर्सिंगला पोरगी टाकताय? इमारत मग बघा, आधी वॉर्ड बघा

बारावीचा निकाल लागला की आपल्या भागात दोन कामं एकदमच सुरू होतात. एकीकडे पऱ्ह्यांची तयारी, दुसरीकडे नर्सिंगच्या ॲडमिशनची विचारपूस. मोबाईल उघडला की जाहिराती. पांढऱ्या ड्रेसमधल्या पोरींचे फोटो, काचेची इमारत, कॉलेजची पिवळी बस, खाली ‘शंभर टक्के नोकरीची हमी’. बाप फोन लावतो, पहिला प्रश्न विचारतो फी किती. दुसरा, होस्टेल आहे का. तिसरा, नोकरी लागेल ना जी.

तिन्ही प्रश्न बरोबर आहेत. पण ज्या प्रश्नावर पोरगी खरी नर्स होणार की नुसती सर्टिफिकेटवाली, तो प्रश्न फार थोडे बाप विचारतात. प्रश्न साधा आहे: ही पोरगी कोणत्या दवाखान्यात, किती महिने, किती पेशंटवर आणि कोणाच्या हाताखाली काम शिकणार?

नर्सिंग हे पुस्तकात शिकायचं काम नाही. नांगर धरणं जसं वर्गात शिकवता येत नाही तसंच हे. सलाइनची सुई शिरेत गेली की बाजूला, हे बोटाला कळावं लागतं. बाळंतिणीचं रक्त नेहमीचं जातंय की जास्त, हे डोळ्याला कळावं लागतं. म्हणूनच अभ्यासक्रमात दवाखान्यातलं काम सक्तीचं ठेवलं आहे. एएनएम दोन वर्षांचं, त्यात शेवटचे सहा महिने इंटर्नशिप. जीएनएम तीन वर्षांचं, त्यातही शेवटचे सहा महिने. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं, आठ सेमिस्टर, आणि आठवं सेमिस्टर पूर्ण इंटर्नशिपचं. त्याआधीच्या वर्षांतही वॉर्डातल्या पोस्टिंग असतात, मेडिकल, सर्जिकल, लहान मुलं, प्रसूती, मानसिक आजार, गावातलं काम. कोणत्या वॉर्डात किती तास ते ठरलेलं असतं. विद्यार्थिनीच्या केस बुकात प्रत्येक काम लिहायचं, त्यावर शिकवणाऱ्याची सही घ्यायची.

कागदावर सगळं चोख आहे. अडचण कागद आणि वॉर्ड यांच्या मधल्या जागेत आहे.

सहीचं बाळंतपण आणि खरं बाळंतपण

पुणे-नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नवीन लागलेली नर्स चुकली तर बाजूला दुसरी सिस्टर असते, डॉक्टर असतो, वर अतिदक्षता विभाग असतो. आपल्याकडची गोष्ट वेगळी. आदिवासी-डोंगरी भागात साधारण ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र धरलेलं आहे. तिथं रात्री दोन वाजता बाई आणली तर समोर एएनएम असते, आणि बहुतेकदा ती एकटीच असते. पाऊस असेल, नाल्याला पूर असेल, १०८ ची गाडी पलीकडच्या काठावर उभी असेल. जुलै २०२४ मध्ये भामरागड तालुक्यात एका गरोदर बाईला नाला ओलांडायला जेसीबीच्या बकेटमध्ये बसवून नेलं, तो व्हिडिओ तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. पर्लकोटेच्या पुलावर पाणी चढलं की भामरागडचा संपर्क तुटतो, हे दर पावसाळ्याचं आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये अहेरी तालुक्यात तापानं गेलेली दोन लेकरं आईबापांनी खांद्यावर टाकून चिखलातून घरी नेली.

अशा जागी बसणाऱ्या पोरीनं शिकताना स्वतःच्या हातानं किती बाळंतपणं केली, यावर एखाद्या बाईचा जीव अवलंबून असतो. बाळ जन्मलं आणि रडलं नाही तर पहिल्या एका मिनिटात हात चालावे लागतात. पुसणं, ऊब देणं, तोंड-नाक साफ करणं, तरी श्वास नाही आला तर पिशवी-मास्कनं श्वास देणं. हे पुतळ्यावर एकदा करून दाखवलेलं आणि वॉर्डात दहादा केलेलं, यांत जमीन-आसमानाचा फरक आहे. केस बुकात ‘केलं’ लिहिलेलं असतं. पण दहा पोरी एका खाटेभोवती उभ्या राहून बघतात, एक करते आणि दहाहीजणींच्या बुकात सही होते, असंही होतं. मग पास झालेल्या पोरीकडे बाळंतपणं असतात, पण सहीची.

थोडा हिशेब

पोरी इतक्या गोळा का होतात ते आकड्यात बघा. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमात एका विद्यार्थिनीमागे तीन पेशंट धरलेले आहेत, आणि दवाखान्यात खाटा किमान ७५ टक्के भरलेल्या असाव्यात अशी अपेक्षा आहे. आता आपल्या दवाखान्यांवर हे लावा. प्राथमिक आरोग्य केंद्रात साधारण ६ खाटा, म्हणजे सगळ्या भरलेल्या असल्या तरी एका वेळी दोनच पोरी नीट शिकू शकतात. ग्रामीण रुग्णालयात ३० खाटा. ७५ टक्के भरलेल्या धरल्या तर बावीस-तेवीस पेशंट, म्हणजे सात पोरी. कॉलेजची एक तुकडी ६० ची असेल आणि ती एकदमच वॉर्डात उतरवायची झाली तर १८० पेशंट लागतात. एवढे पेशंट एका वेळी ठेवणारे सरकारी दवाखाने आपल्या दोन्ही जिल्ह्यांत बोटावर मोजण्याइतके. शिवाय त्याच दवाखान्यात दुसऱ्या, तिसऱ्या कॉलेजच्या पोरीही आलेल्या असतात.

यावर तोडगा म्हणून तुकड्या पाडतात, सकाळ-दुपारच्या पाळ्या लावतात, लांबच्या दवाखान्याशी करार करतात. अंतराचीही मर्यादा आहे. साधारण भागात जोडलेला दवाखाना १५ ते ३० किलोमीटरच्या आत हवा, आदिवासी आणि डोंगरी भागात ती ५० किलोमीटरपर्यंत सैल केली आहे. सवलत चांगल्या हेतूनं दिली असेल. पण ५० किलोमीटर म्हणजे आपल्या रस्त्यानं, आपल्या एसटीनं किती, ते वापरणाऱ्यालाच माहीत. पहाटे पाचला उठून आठच्या ड्युटीला पोचलेली पोरगी दोन वाजता परतीच्या गाडीकडे डोळे लावून बसते. मग दुपारी नवीन पेशंट भरती झाला तर तो बघायला ती थांबत नाही, थांबूही शकत नाही.

हा हिशेब टाळला तर काय होतं ते शेजारच्या राज्यात दिसलं. मध्य प्रदेशात नर्सिंग कॉलेजांचं प्रकरण हायकोर्टात गेलं आणि कोर्टानं सीबीआयला कॉलेजं तपासायला लावली. फेब्रुवारी २०२४ मध्ये समोर आलेल्या तपासणीत ३०८ पैकी १६९ कॉलेजं योग्य निघाली, ७३ मध्ये उणिवा आणि ६६ कॉलेजं चालवण्याच्याच लायकीची नाहीत असं निघालं. पुढं मे २०२४ मध्ये तपासणी करणारेच काहीजण लाच घेताना पकडले गेले. तिथल्या हजारो पोरापोरींच्या परीक्षा आणि निकाल वर्षानुवर्षं अडकले. चूक संस्थांची, आणि वय गेलं शिकणाऱ्यांचं. आपल्याकडेही तसंच आहे असं मी म्हणत नाही. पण बालाघाट काही परदेशात नाही.

मेडिकल कॉलेज आलं, गर्दीही येणार

आता आपल्याकडे बदललेलं काय ते बघू. चंद्रपूरचं सरकारी मेडिकल कॉलेज २०१५ पासून आहे. गडचिरोलीचं २०२४-२५ च्या सत्रात १०० जागांनी सुरू झालं, ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी राज्यातल्या दहा मेडिकल कॉलेजांचं ऑनलाइन उद्घाटन केलं त्यात हेही होतं. गावात चर्चा झाली ती डॉक्टर किती होणार याची. नर्सिंगच्या पोरींसाठी याचा अर्थ काय, यावर मात्र कोणी बोललं नाही.

अर्थ मोठा आहे. मेडिकल कॉलेजला जोडलेल्या दवाखान्यात खाटा वाढतात, वेगवेगळे विभाग उघडतात, तज्ज्ञ येतात. पूर्वी ज्या केस नागपूरला पाठवल्या जायच्या त्यातल्या काही इथंच राहतील, म्हणजे त्या बघायलाही मिळतील. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं नवीन मेडिकल कॉलेजांना जोडून १५७ नर्सिंग कॉलेजं काढायला १,५७० कोटी रुपये मंजूर केले, त्यामागचं गणितही हेच होतं, की जिथं पेशंट आहेत तिथंच नर्स शिकवा.

माझी शंका वेगळी आहे. सगळी गर्दी आता या दोन शहरांत होईल. एमबीबीएसची पोरं, जीएनएमच्या पोरी, बी.एस्सी.च्या पोरी, सगळे त्याच खाटांभोवती. वॉर्डात डॉक्टर राउंडला आले की नर्सिंगची विद्यार्थिनी चौथ्या रांगेत. आणि एटापल्ली, भामरागड, सिरोंचा, धानोरा, कोरची, तिकडे जिवती, गोंडपिपरी, इथल्या दवाखान्यांत शिकणारं कोणी नाही. जिथं नर्स पाहिजे तिथं ती शिकत नाही, आणि जिथं शिकते तिथंच राहायचं मन करते. मग जागा निघाली की भामरागडची ऑर्डर आलेली पोरगी पहिल्या दिवशीपासून बदलीचा अर्ज हातात घेऊन येते. तिला दोष कसा देणार? तिनं ते गाव आधी कधी बघितलेलंच नसतं.

खरं तर शिकायला आपला भाग श्रीमंत आहे, हे उलटं वाटेल पण खरं आहे. राज्यातल्या मलेरियाचे मोठ्या संख्येनं पेशंट गडचिरोलीतले असतात. किटवर रक्ताचा थेंब टाकून तपासणी करणं, ताप चढलेलं लेकरू झटके द्यायच्या आधी ओळखणं, हे इथल्या आरोग्य केंद्रात पावसाळ्याच्या दोन महिन्यांत जेवढं शिकायला मिळेल तेवढं मोठ्या शहरात वर्षभरात मिळणार नाही. सिकलसेलचं तसंच. हातपाय दुखतात म्हणून रडत आलेलं पोर नाटक करत नाही, त्याला पाणी, ऊब आणि दुखणं थांबवणारं औषध लगेच लागतं, हे ज्या पोरीनं एकदा वॉर्डात पाहिलं ती विसरत नाही. रोवणीच्या दिवसांत साप चावलेले येतात. मण्यार चावलेला माणूस कित्येकदा सापाचं नावही काढत नाही, कारण झोपेत चावलेलं त्याला कळलेलंच नसतं. पोट दुखतं म्हणतो, मग पापण्या जड होतात. रात्रपाळीच्या नर्सचं लक्ष त्या पापण्यांकडे गेलं तर माणूस वाचतो. सापाच्या विषावरची लस सलाइनमधून चालू असताना अंगावर पित्त उठतंय का, धाप लागतेय का, हे पेशंटजवळ बसून बघायचं काम नर्सचंच.

आणि भाषा. भामरागड-एटापल्लीत माडिया, धानोरा-कोरचीकडे गोंडी आणि छत्तीसगढी, सिरोंच्यात तेलुगू, मुलचेऱ्यात बंगाली. बाई कळा कधीपासून येतात ते सांगते आणि सिस्टरला समजत नाही, मग सोबत आलेल्या पुरुषाला विचारतात, तो लाजतो. माडिया बोलणारी नर्सिंगची विद्यार्थिनी अशा ठिकाणी पहिल्या वर्षापासून उपयोगाची आहे. पण तिला पोस्टिंग मिळते दुसऱ्याच जिल्ह्याच्या शहरात, तिथं तिच्या भाषेला किंमत नाही, उलट तिच्या मराठीला हसतात.

शोधग्रामनं काय दाखवलं

गावातल्या बाईला काम शिकवता येतं का, याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यानं जगाला दिलेलं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गडचिरोलीतल्या ३९ गावांत गावच्याच बायांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. शिक्षण थोडं. पण नवजात बाळाचं वजन घेणं, श्वास मोजणं, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणं, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणं त्या शिकल्या. तिसऱ्या वर्षी त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं आणि पुढं आशांच्या घरभेटीचा कार्यक्रम देशभर आला तो याच कामाच्या पायावर.

यातली गोम लक्षात घ्या. या बाया पुस्तकं वाचून तयार झाल्या नाहीत. एकच काम पुन्हा पुन्हा करायचं, त्याची नोंद ठेवायची आणि वरचा माणूस येऊन ती नोंद खरी आहे का ते तपासणार. आपल्या नर्सिंगच्या पोरींच्या बाबतीत कमी पडते ती ही तिसरी गोष्ट. वॉर्डातली स्टाफ सिस्टर तीस-चाळीस पेशंट सांभाळू की पोरींना शिकवू अशा कात्रीत. कॉलेजची ट्यूटर कधी सोबत येते, कधी हजेरी घेऊन जाते. मग पोरीला शिकवतं कोण? एक वर्ष आधी आलेली दुसरी पोरगी.

ग्रामीण रुग्णालयात पोस्टिंग का देत नाहीत, असं विचारलं तर कारणं खोटी नसतात. राहायला खोली नाही, मेस नाही, रात्री पोरींना सुरक्षित नेणार कोण, सोबत ट्यूटर कुठून आणायची. पण ही कारणं पैशाची आणि नियोजनाची आहेत. सात पोरींसाठी दोन खोल्या, एक स्वयंपाकीण आणि महिनाभर एक ट्यूटर. जिल्हा नियोजनाच्या निधीत याहून मोठे खर्च बसतात, कोणते ते लिहायला लावू नका.

शिकणं कुठं संपतं, फुकटची मजुरी कुठं सुरू होते

दुसरी बाजूही आहे. जुलै २०२५ मध्ये राज्यातल्या सरकारी दवाखान्यांच्या परिचारिका संपावर गेल्या. पगारातली तफावत आणि कंत्राटी भरतीला विरोध, या मुख्य मागण्या. २०२२ मध्येही बाहेरच्या एजन्सीकडून भरतीच्या विरोधात संप झाला होता. संप असो नसो, जागा रिकाम्या असल्या की डोळा जातो विद्यार्थिनींवर. त्या हुकूम ऐकतात, पगार मागत नाहीत, इंटर्नल मार्क प्राचार्यांच्या हातात असतात. मग कधी स्ट्रेचर ढकलायला, कधी रक्ताच्या बाटल्या लॅबला पोचवायला, कधी रजिस्टरं भरायला. स्ट्रेचर ढकलणं हलकं काम आहे असं नाही, नर्सला तेही आलं पाहिजे. पण सहा महिन्यांच्या पोस्टिंगमध्ये चार महिने तेच केलं तर सुई कधी धरणार?

फरक ओळखायची एक साधी खूण. काम करताना बाजूला कोणी शिकवणारं होतं का, आणि काम झाल्यावर चूक-बरोबर कोणी सांगितलं का. दोन्ही नाही तर ती मजुरी. आणि वॉर्डाची जबाबदारी एकट्या विद्यार्थिनीवर टाकणं तर चुकीचंच, काही बरं-वाईट झालं तर पेशंटचे नातेवाईक समोर असलेल्या पोरीच्या अंगावर येतात.

ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ड्युटीवरच्या डॉक्टर मुलीसोबत जे घडलं त्यानंतर देशभर दवाखान्यातल्या सुरक्षेची चर्चा झाली. आपल्याकडे पोरगी रात्रपाळीला जाते तेव्हा तिला कपडे बदलायला दार लागणारी खोली आहे का, होस्टेलपासून वॉर्डापर्यंत उजेड आहे का, हे कोण बघतं? आईबापानं एकदा जाऊन बघावं, लाजू नये.

आणखी एक धोका, ज्याबद्दल पोरी घरी सांगत नाहीत. वापरलेली सुई बोटाला टोचणं. शिकताना हे होतं. म्हणून वॉर्डात उतरायच्या आधी हिपॅटायटिस-बी ची लस झालेली हवी, तिचे तीन डोस असतात आणि पूर्ण व्हायला सहा महिने लागतात, म्हणजे पहिल्या वर्षी लगेच सुरू करावी लागते. सुई टोचली तर रक्त पिळत बसू नये, साबण-पाण्यानं धुवायचं आणि लगेच इन्चार्जला सांगायचं. एचआयव्हीपासून बचावाची औषधं जितक्या लवकर तितकी चांगली, दोन तासांच्या आत मिळाली तर उत्तमच, ७२ तासांनंतर उपयोग नाही. सिस्टर रागावतील म्हणून दोन दिवस लपवणं फार महागात पडू शकतं. ही ओळ ज्यांच्या घरी नर्सिंगची पोरगी आहे त्यांनी तिला आजच दाखवावी.

पेशंट म्हणून आपण

आपण फक्त पोरींचे बाप नाही, पेशंटही आहोत. दवाखान्यात शिकाऊ पोरगी सुई लावायला आली की आपला माणूस खेकसतो, ‘मोठ्या सिस्टरला बोलव’. समजू शकतो, तीनदा टोचून घ्यायची कोणाला हौस नाही. पण तुमच्या गावच्या उपकेंद्रात दोन वर्षांनी येणारी सिस्टर तीच असणार. तिला आज हाकललं तर ती शिकणार कोणावर? मधला रस्ता आहे. विचारा, ‘बाई, सोबत स्टाफ सिस्टर आहे का?’ असेल तर हात पुढं करा. नसेल तर बोलवायला सांगा, तो तुमचा हक्क आहे. दोनदा चुकली तर तिसऱ्यांदा मोठीनं लावावी, असं शांतपणे सांगितलं तर कोणी वाईट मानत नाही. बाळंतपणाच्या खोलीत तर बाईला विचारल्याशिवाय दहा पोरी उभ्या करू नयेत, आणि बाई नको म्हणाली तर नको.

ॲडमिशनच्या आधी

पहिलं म्हणजे नर्सिंगच्या नावाखाली काय विकतात ते ओळखा. सहा महिन्यांचं, वर्षाचं ‘नर्सिंग असिस्टंट’, ‘बेडसाइड’ असं काही सर्टिफिकेट घेऊन महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नर्स म्हणून नोंदणी होत नाही, आणि नोंदणी नाही तर नर्सची सरकारी नोकरी नाही. अशा पोरी खासगी दवाखान्यांत हजारो रुपये फी भरून शिकलेलं काम थोड्याशा पगारावर करतात, पेशंट त्यांना सिस्टरच म्हणतात, पण कायद्याच्या नजरेत त्या सिस्टर नाहीत. एएनएमला बारावी कोणत्याही शाखेची चालते आणि तो कोर्स फक्त मुलींसाठी. जीएनएमला कोणत्याही शाखेतून ४० टक्के आणि इंग्रजी हवं. बी.एस्सी.ला विज्ञान शाखा, जीवशास्त्रासह, आणि सीईटी. पोरगी आर्ट्सला असेल आणि कोणी बी.एस्सी. नर्सिंगची सीट देतो म्हणत असेल तर तिथूनच परत फिरा.

पैशाचं थोडक्यात. २०२४-२५ पासून ८ लाखांपेक्षा कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलींना केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास फीची सवलत आहे, आदिवासी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती आहे, वसतिगृह न मिळालेल्यांना स्वयम योजना आहे. आपला कोर्स आणि आपलं कॉलेज त्यात बसतं का हे मात्र प्रवेशाआधी लेखी विचारा. आणि फीच्या पलीकडे पोस्टिंगच्या गावी राहण्या-जाण्याचा खर्च कोण करणार, हेही. कित्येक घरांत पोरीची पोस्टिंग अर्धवट राहते ती फीमुळे नाही, महिन्याच्या बसभाड्यामुळे.

मग कॉलेज बघायला जाल तेव्हा प्राचार्यांच्या केबिनमधून लवकर निघा आणि तिसऱ्या वर्षाच्या पोरींना गाठा. त्यांना विचारा, तू स्वतःच्या हातानं किती बाळंतपणं केली? रात्रपाळी किती केल्या? ट्यूटर वॉर्डात थांबते का? तिनं उत्तर द्यायच्या आधी मॅडमकडे बघितलं, तर तेही उत्तरच आहे. त्यानंतर कॉलेज ज्या दवाखान्याचं नाव सांगतं तिथं सकाळी दहाच्या सुमारास एक चक्कर मारा. वॉर्डात पेशंट आहेत का रिकाम्या खाटा, पोरी पेशंटजवळ आहेत का व्हरांड्यात बसून वही उतरवताहेत, पाच मिनिटांत कळतं.

राहिला प्रश्न आपल्याच तालुक्यात पोस्टिंगचा. जिल्हा, उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयातल्या पोस्टिंगची परवानगी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयातून मिळते. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्राची जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडून. अर्ज कॉलेजनं करायचा असतो, पण पालकांनी आणि ग्रामसभेनं मागणी करायला कोणतीच आडकाठी नाही. ग्रामसभेच्या ठरावात एवढं लिहिलं तरी पुरे: आमच्या ग्रामीण रुग्णालयात दर सत्रात सात विद्यार्थिनींची एक तुकडी ट्यूटरसह पाठवावी, माडिया-गोंडी बोलणाऱ्या मुलींना त्यात आधी घ्यावं, आणि राहण्याची सोय तालुक्यात कुठं आहे ते आम्ही दाखवतो. ठरावाची एक प्रत शल्यचिकित्सकांना, एक जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना आणि एक पोरगी जिथं शिकते त्या कॉलेजला. पोचपावती घ्यायला विसरू नका.